झाडलोटीचा कर्ता कोण?

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला ‘कर्नेल’ म्हणतात, हा मराठीच्या प्राध्यापकांनी लिहिण्याचा विषय नव्हे, अशी हरकत कोणी घेतली तर ती आम्ही ऐकून घेऊ. मात्र हरकत घेणाऱ्याने तो गाभा एकदा तरी चाळलेला असावा. ‘लिनक्स’ ह्या नावाचा गाभा १९९१ सालापासून लिहिला जात आहे. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो एकट्याने सुरू केला. आज तो हजारो हातांनी लिहिला जातो आणि कोणालाही वाचायला मोकळा आहे. त्यातील प्रत्येक बदलाला एक टिपण जोडावे लागते: आधी काय होते, त्यात काय खटकले, आता काय केले आणि ह्यास जबाबदार कोण. अशी दहा लाखांहून अधिक टिपणे आता साठली आहेत. दुसऱ्या एखाद्या ग्रंथाच्या घडणीची इतकी तपशीलवार बखर उपलब्ध असेल, असे आम्हांला वाटत नाही. पाठचिकित्सेचा तास घेणाऱ्याला ह्याहून वेगळे निमित्त कशाला हवे?

ह्या बखरीचा बराचसा भाग नव्या करामतींचा नाही. तो झाडलोटीचा आहे. एकच गोष्ट चार ठिकाणी चार प्रकारे लिहिलेली असेल तर ती एका प्रकारे लिहिणे, दिशाभूल करणारे नाव बदलणे, जिच्याकडे आता कोणीच येत नाही अशी ओळ काढून टाकणे, टीपेतला शिळा शब्द ताजा करणे. अशा बदलाने यंत्राच्या वागणुकीत तसूभरही फरक पडू नये, अशी अपेक्षा असते. म्हणजे काम जितके चोख तितके ते अदृश्य. आमचे म्हणणे असे की, हे काम लेखनच आहे. आणि आपल्या मराठी विभागांनी गेल्या काही दशकांत ज्या कामाकडे सर्वांत निष्ठेने पाठ फिरवली आहे, ते हेच.

एका विद्यापीठात (नाव सांगण्याचे कारण नाही) एका विद्यार्थिनीने एका मध्ययुगीन आख्यानकाव्याच्या पोथ्या ताडून पाठभेदांची नोंद करण्याचा विषय संशोधनासाठी मांडला. समितीने विचारले, ‘ह्यात नवीन काय?’ तिने उत्तर दिले की, नवीन काही नाही, असलेलेच नीट करायचे आहे. विषय नामंजूर झाला. पुढे तिने त्याच काव्यातील ‘स्त्रीप्रतिमांचा चिकित्सक अभ्यास’ केला, आणि तो ज्या छापील प्रतीवरून केला तीत ओळीच्या ओळी गाळलेल्या होत्या, हे तिला स्वतःलाच सर्वांत आधी ठाऊक होते. हा प्रसंग अपवादात्मक असता तर आम्ही तो येथे नोंदवला नसता.

असो. गाभ्याकडे वळू. तेथे अशा एकेका बदलाला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळ. मराठीत ठिगळ म्हटले की दारिद्र्य आठवते. वास्तविक गोधडी आठवायला हवी. गाभ्यातील स्मृतीच्या व्यवस्थापनाचा विभाग वर्षानुवर्षे सांभाळणारे अँड्रू मॉर्टन आपल्याकडे आलेल्या ठिगळांचा ढीग ज्या साधनाने क्रमवार लावून ठेवत, त्याचे नावच ‘क्विल्ट’, म्हणजे गोधडी. ते साधन त्यांच्याच जुन्या युक्त्यांवरून घडले, आणि २०२२ मध्ये ‘गिट’कडे वळेपर्यंत ते त्यांच्या वापरात होते. मधलेच एखादे ठिगळ उसवून काढता आले पाहिजे आणि तरीही बाकीची जागच्या जागी राहिली पाहिजेत, हे त्यामागचे सूत्र. आपल्या आज्यांना ते समजावून सांगावे लागले नसते.

स्मृतीचे मानचित्रण, ज्याला इंग्रजीवरून ‘मेमरी मॅपिंग’ म्हणतात, तेही वाटते तितके परके नाही. यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची अशी समजूत करून दिलेली असते की, सलग क्रमांकांची एक भलीमोठी पोथी एकट्या त्याच्याच मालकीची आहे. प्रत्यक्षात पाने सुटी असतात. बहुतेक यंत्रांवर एक पान ४०९६ बाइटांचे. ती स्मृतीत वाटेल तेथे विखुरलेली असतात, काही अद्याप तबकडीवरच असतात, काही दोन प्रोग्रामांत सामायिक असतात. प्रोग्रामच्या पोथीतले अमुक क्रमांकाचे पान प्रत्यक्षात कोठे आहे, ह्याचा तक्ता गाभा राखतो.

पनवेल तालुक्यातील ओवे येथे राहणाऱ्याला हे लवकर कळते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई आखली गेली, कालांतराने खारघरचे सेक्टर पडले, आणि २०१६ मध्ये हा सारा परिसर नव्या पनवेल महानगरपालिकेत गेला. ह्या प्रवासात एकेका घराला दोन-दोन पत्ते लाभले. गावातला माणूस आळीवरून, देवळावरून, घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावावरून पत्ता सांगतो. वीजबिलावर सेक्टर आणि प्लॉट असतो. दोन्ही पत्ते खरे. एकावरून दुसऱ्यावर नेणारा तक्ता मात्र बहुधा जुन्या टपालवाल्याच्या डोक्यातच असतो. (गावाच्या नावाचा ओवीशी संबंध जोडण्याचा मोह मराठीच्या शिक्षकाला होणारच. आम्ही तो आवरला आहे.)

आता, प्रोग्रामने एखादे पान मागितले आणि ते जागेवर नसले, तर ‘पेज फॉल्ट’ होतो. नावात दोष असला तरी हा दोष नव्हे. ग्रंथालयात मागणीची चिठ्ठी आत गेली, एवढाच त्याचा अर्थ. गाभ्यातील संबंधित फंक्शन पान शोधते, तक्त्यात नोंद करते, आणि काम झाले की नाही हे एका आकड्याने कळवते. घोटाळा ह्या आकड्यात होता. गाभ्यात ‘काय बिघडले’ हे सांगण्याच्या दोन रूढी होत्या. सर्वसाधारण रूढी अशी की, सारे ठीक असेल तर शून्य, नसेल तर एक ऋण संख्या. पान आणणाऱ्यांची रूढी निराळी: त्यांनी ठरावीक खुणांपैकी एक खूण परत करायची. दोन्ही रूढी ‘पूर्णांक’ ह्या एकाच वेषात वावरत असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी आली तरी यंत्राला संशय येत नसे. पान जोडून देणारी मदतनीस फंक्शने पहिल्या रूढीत बोलत, आणि त्यांना हाक मारणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या रूढीत उत्तर द्यावे लागे. मग प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने भाषांतर करी. कोणी नीट करी, कोणी अर्धवट, कोणी मुळीच नाही.

उपाय सोपा दिसतो: दुसऱ्या रूढीला स्वतंत्र वेष द्यावा. पण ड्रायव्हर शंभर ठिकाणी विखुरलेले, आणि प्रत्येकाचा मेंटेनर, म्हणजे देखभाल पाहणारा, वेगळा. एका रात्रीत सर्वांचा वेष बदलायचा म्हटले तर सगळीच बांधणी मोडते. २०१८ साली, ४.१७ ह्या आवृत्तीत, ‘व्हीएम फॉल्ट टी’ हे नवे नाव आणले गेले ते मोठ्या धोरणीपणाने. नाव नवे, पण त्याचा अर्थ पूर्वीचाच पूर्णांक. त्यामुळे ज्याने नवे नाव घेतले तोही चालला आणि ज्याने घेतले नाही तोही. मग एकेका ड्रायव्हरसाठी एकेक ठिगळ, एकेका मेंटेनरची संमती, असे करत आवृत्त्यांमागून आवृत्त्या गेल्या. सगळे सरळ झाल्यावर, २०१९ मध्ये, त्या नावाचा खरा अर्थ बदलण्यात आला, आणि तेव्हापासून दोन रूढींची सरमिसळ तपासणाऱ्या साधनाच्या नजरेला पडू लागली. ह्या कामातील असंख्य ठिगळांवर सौप्तिक जोआरदार हे नाव आहे. मराठी वाचकाला महाभारतातील पर्व आठवेल असे नाव. त्या टिपणांची भाषा अत्यंत कोरडी आहे आणि पुष्कळ टिपणे जवळपास एकसारखी आहेत. ती ओळीने वाचताना आम्हांला कंटाळा आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तरीही ती वाचावीत. दारोदार जाऊन तीच विनंती त्याच नम्रतेने करण्याची ती चिकाटी आहे. आणि ज्याने त्याने आपल्या उंबऱ्याशी दिलेला होकार तिथेच खाली नोंदलेला आहे.

दुसरे उदाहरण आम्हांला अधिक प्रिय आहे, कारण ते निव्वळ नाव बदलण्याचे आहे. एका प्रोग्रामच्या सगळ्या मानचित्रावर एक कुलूप असे. त्याचे नाव ‘एम-मॅप सेम’. ‘सेम’ म्हणजे सेमाफोर, हा कुलपाचा एक विशिष्ट प्रकार. नावातच प्रकार गोवलेला असल्यामुळे आणि गाभ्यात जागोजागी लोक थेट त्या प्रकाराच्या किल्लीने ते उघडत असल्यामुळे, पुढेमागे कुलूप बदलायचे ठरले असते तरी ते शक्य नव्हते. मिशेल लेस्पिनास ह्यांनी २०२० साली सुमारे डझनभर ठिगळांची एक मालिका रचली, आणि ती ५.८ ह्या आवृत्तीत स्वीकारली गेली. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम जुन्या कुलपाभोवती नव्या नावाची पातळ वेष्टणे घातली. मग ‘कोक्सिनेल’ नावाच्या साधनाकरवी जुन्या हाका शोधून जेथे जमेल तेथे नव्या केल्या. (हा फ्रेंच शब्द, अर्थ, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो छोटा भुंगेरा, जो इतर किडे खातो.) त्यानंतर एक स्वतंत्र ठिगळ केवळ साधनाच्या नजरेतून सुटलेल्या जागांसाठी. मग, कोणीच जुन्या नावाने हाक मारत नाही अशी स्थिती आल्यावर, कुलपाचे नाव बदलून ‘एम-मॅप लॉक’ केले. आणि शेवटी, निराळ्या ठिगळांत, टीपांमधले उल्लेख.

टीपा यंत्र वाचत नाही. त्यांत जुने नाव राहिले असते तर कोणाचेही काही अडले नसते. अडले असते ते फक्त पुढच्या वाचकाचे. त्या वाचकासाठी वेगळे कष्ट घेणे आणि ते कष्ट यांत्रिक बदलात मिसळू न देता वेगळे नोंदवणे, हा संपादकाचा धर्म आहे. आपल्याकडे किती संपादकांनी तो पाळला?

एक गोष्ट येथेच सांगून टाकू. लेस्पिनास ह्यांच्या मनात ह्या झाडलोटीनंतर करायचे जे मोठे काम होते, ते त्यांनी पुढे मांडलेही. पण ते गाभ्यात आले नाही. २०२३ साली, ६.४ ह्या आवृत्तीत, सुरेन बाघदासर्यान ह्यांचा वेगळा उपाय आला: सगळ्या मानचित्राला एकच कुलूप लावण्याऐवजी त्यातील एकेका पट्ट्याला त्याचे स्वतःचे कुलूप. ज्याने वाट झाडली त्याची पालखी त्या वाटेने गेली नाही. वाट मात्र झाडलेली राहिली.

महाराष्ट्रात ह्या जातीचे सर्वांत मोठे काम पुण्यात झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास गेली. तीसाठी १२५९ हस्तलिखितांचा विचार झाला, हा आकडा आपण सर्वच वर्गात सांगतो; पण आकड्यापेक्षा कामाची रीत सांगण्यासारखी आहे, आणि ती आपण सांगत नाही. १९२३ साली ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती छापून विद्वानांकडे मतासाठी पाठवली. हे अगदी गाभ्यातल्यासारखे आहे: तेथेही मोठा बदल प्रथम ‘मत हवे आहे’ अशा शिक्क्यानिशी पाठवतात, स्वीकारासाठी नव्हे. १९२५ मध्ये सूत्रे वि. सी. सुखठणकरांकडे आली. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस. पोथ्या ताडण्याचे काम पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतनात आणि तंजावरातही चालले. तेव्हा कोणत्या पोथीतील कोणता भेद कोठे व कसा नोंदवायचा, ह्याची शिस्त आधी ठरवावी लागली. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले. १९४३ मध्ये सुखठणकर गेले, पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य ह्यांनी ते तडीस नेले. मेंटेनर बदलले, संहिता चालू राहिली.

महत्त्वाचे हे की, त्यांनी काढले ते टाकले नाही. महाभारत सांगताना व्यासांनी गणेशाला लेखनिक केल्याची कथा मूळ संहितेतून बाहेर गेली. सभापर्वात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही गेला. दोन्ही गोष्टी लोकमानसात इतक्या रुजलेल्या की, त्यांना हात लावायलाही धैर्य हवे. पण त्या तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या पोथ्यांत आहेत ह्या नोंदीसह, जशाच्या तशा सापडतात. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला संपादकांच्याच ग्रंथातून त्यांच्याविरुद्ध पुरावा काढता येतो. गाभ्याच्या बखरीतही काढलेली प्रत्येक ओळ तारखेसह आणि काढणाऱ्याच्या नावासह शिल्लक असते.

ह्या कसोटीवर एकनाथांनी केलेली ज्ञानेश्वरीची शुद्धी कोठे बसते, हा प्रश्न अवघड जागचा आहे, पण टाळण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी पाठ शुद्ध केला. अनेक हातांनी बिघडलेली संहिता त्यांनी सावरली नसती तर आज आपल्या हाती काय आले असते हे सांगता येत नाही. त्यांच्या अधिकाराविषयी तर शंकाच नाही. परंतु शुद्धीपूर्वीचे पाठ काय होते, कोणता का सोडला, हे त्यांनी लिहून ठेवले नाही. त्या काळी तशी रीत नव्हती, हे उत्तर योग्यच आहे. मात्र त्याची किंमत पुढच्यांनी मोजली. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हापासून सुरू झालेल्या वादाचे मूळ ह्या न लिहिलेल्या टिपणात आहे. सव्वातीनशे वर्षांनंतर लोक एकनाथांना विचारत होते, ‘आधी काय होते?’

आता जवळचे उदाहरण. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. व्युत्पत्तीने सिद्ध न होणारे, उच्चारातून नाहीसे झालेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले. विसाव्या शतकात मराठी संहितेवर झालेली ही सर्वांत मोठी झाडलोट म्हणता येईल. ती आवश्यक होती, असे आमचे मत आहे; पोरांना न ऐकू येणारे टिंब पाठ करायला लावण्यात काही शहाणपण नव्हते. पण हिशेब नीट मांडावा. ‘तें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, हा डोळ्यांना दिसणारा भेद गेला. आता तो संदर्भाने ओळखावा लागतो. उलट, अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राखल्यामुळे ‘घरात’ आणि ‘घरांत’ हा भेद, जो पूर्वीच्या लेखनात दिसत नसे, तो स्पष्ट झाला. एक भेद गमावला, एक कमावला. हे व्याकरणाच्या तासाला सांगितले तर विद्यार्थी जागे होतात, असा आमचा अनुभव आहे.

आमची तक्रार नियमांबद्दल नाही, त्यांच्या अंमलाबद्दल आहे. नव्या लेखनाला नवे नियम लावणे वेगळे आणि १८९० सालच्या गद्याला मागाहून ते लावणे वेगळे. जुन्या पुस्तकांच्या कितीतरी पुनर्मुद्रणांत लेखन मुकाट्याने बदललेले आढळते. कोणी बदलले, कधी, कोणत्या आवृत्तीवरून, अनुस्वार काढताना एखादे अनेकवचन तर एकवचन झाले नाही ना, ह्याबद्दल अवाक्षर नाही. प्रस्तावनेत लेखकाचे मोठेपण असते, मुखपृष्ठकाराचे आभार असतात; झाडणाऱ्याचे नाव नसते, कारण झाडले आहे हेच मान्य केलेले नसते. हा आम्हांला साधा निष्काळजीपणा वाटत नाही. आपण काही केले असे कबूल केले की त्याची जबाबदारी येते. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक ठिगळाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ असते: हे मी दिले आहे, देण्याचा मला अधिकार आहे, आणि हे माझे नाव. संहितेच्या मालकीवरून उद्भवलेल्या एका न्यायालयीन भांडणानंतर ही प्रथा पडली. आपल्या प्रकाशनव्यवहारात अशी एक ओळ आली तर तीसाठी न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही.

ह्या सगळ्यावरून झाडलोट म्हणजे निखळ पुण्यकर्म, असा समज कोणी करून घेऊ नये. नावे बदलण्याचे काम सत्तेचेही असते. आळीच्या जागी सेक्टर येतो तेव्हा ज्याच्याकडे दोन पत्त्यांमधला तक्ता असतो त्याच्याकडे जमीन कोणाची हे सांगण्याचा अधिकारही जातो. साडेबारा टक्के भूखंडांच्या योजनेसाठी रायगड-ठाण्यातील गावांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली काय सोसले, हे ह्या भागात शिकवण्याची गरज नाही. जुने पत्ते पुसले गेले त्या ठिकाणी ‘सुटसुटीतपणा’ हाच शब्द वापरला गेला होता. म्हणून एखादी झाडलोट पाहताना आम्ही प्रथम हे विचारतो की, जुन्यावरून नव्याकडे आणि नव्यावरून पुन्हा जुन्याकडे जाता येते का. गाभ्यात जाता येते. भांडारकर आवृत्तीत जाता येते. गावाच्या बाबतीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांचे गठ्ठे उपसावे लागतात.

शिवाय झाडलोटीचे सोंगही आणता येते. गाभ्यातील मेंटेनरांना एक गाऱ्हाणे नित्याचे आहे: आपले नाव नोंदले जावे एवढ्यासाठी नवशिके लोक मोकळ्या जागा सरळ करण्याची, टीपांतले हस्तदोष सुधारण्याची ठिगळे पाठवत राहतात, आणि ती वाचण्यात खऱ्या कामाचा वेळ जातो. २०२१ साली ह्याहून वाईट घडले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी छोट्या, उपयुक्त दिसणाऱ्या दुरुस्त्यांच्या मिषाने मुद्दाम दोष असलेली ठिगळे पाठवून पाहिली होती. मेंटेनर ती पकडतात का, हा त्यांच्या शोधनिबंधाचा विषय. गाजावाजा झाला, ग्रेग क्रोह-हार्टमन ह्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल थांबवले, आधी आलेली ठिगळे पुन्हा तपासण्यात आली, आणि निबंध मागे घेतला गेला. विश्वासावर चालणाऱ्या व्यवहारात प्रकाशनासाठी विश्वासच खर्ची घातला, तो विद्यापीठातल्या माणसांनी. हे आम्हां प्राध्यापकांना लागले पाहिजे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाची गुणांकन पद्धत आल्यापासून आपण काय मोजतो आणि त्यामुळे काय पिकते, हे आपल्यालाही दिसते आहे. निबंध मोजता येतो. दुसऱ्याच्या निबंधातील चुकीचा संदर्भ शोधून तो दुरुस्त करवून घेतला, हे कोणत्या रकान्यात भरायचे?

पुण्याचा उल्लेख आला आहे तर आणखी एक पुण्यातलीच गोष्ट. चालता गाभा मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावण्याचे ‘के-जी-डी-बी’ नावाचे एक साधन आहे. टोरवाल्ड्स ह्यांना अशी साधने नावडती. माणसाने संहिता काळजीपूर्वक वाचावी, थांबवून डोकावू नये, असे त्यांचे मत २००० सालापासून प्रसिद्ध आहे. (ह्या वादात साहित्याच्या शिक्षकाने कोणाची बाजू घ्यावी हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.) त्यामुळे हे ठिगळ कित्येक वर्षे गाभ्याच्या बाहेरच राहिले. प्रत्येक नवी आवृत्ती आली की ते तिच्यावर पुन्हा बेतून बसवावे लागे. ते जिवंत ठेवणाऱ्यांत अमित काळे हे एक प्रमुख नाव, आणि पुण्यातील लिनसिस्सॉफ्ट ही संस्था. २००८ साली, २.६.२६ ह्या आवृत्तीत, ते अखेर आत आले, ते जेसन वेसेल ह्यांच्या हातून.

त्या साधनाच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर एक नामावळी आहे. व्हेरिटास, २०००-२००१, अमित एस. काळे, २००३-२००४, पाव्हेल माखेक, २००४, टॉम रिनी, २००४-२००६, लिनसिस्सॉफ्ट, २००४-२००६, अशी ती पुढे जाते, आणि त्यानंतर ‘वर ज्यांचा उल्लेख नाही पण निरनिराळ्या टप्प्यांवर ज्यांनी हात लावला’ अशांची वेगळी यादी येते. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव, तिथी आणि कोणाच्या प्रतीवरून उतरवले हे सांगतो, त्या पुष्पिकेचा हा सख्खा भाऊबंद. पुष्पिका शिकवताना आम्ही आता ही नामावळी फळ्याशेजारच्या पडद्यावर दाखवतो. गेल्या खेपेस तिचे मराठीकरण करायला दिले, तेव्हा वर्गात अर्धा तास ‘कॉपीराइट’ ह्या शब्दावरच गेला: प्रतीचा हक्क, की प्रत करणाऱ्याचा?

पुढल्या सत्रासाठी एकोणिसाव्या शतकातील एका कादंबरीच्या तीन आवृत्त्या जमवल्या आहेत. पहिली प्रकरणे विद्यार्थी ओळीस ओळ लावून ताडतील आणि प्रत्येक भेदाखाली, कारण सापडले तर कारण, नाही तर ‘कारण नोंदलेले नाही’ असे लिहून आपले नाव घालतील. चौथी आवृत्ती, १९६२ नंतर लगेचची, मिळाली नाही. कोणा ग्रंथालयात ती असेल तर आम्ही जाऊन पाहू.